मीटर खोटं बोलतो

दसऱ्याला शोरूमबाहेर झेंडूचा हार घालून निघालेल्या स्पोर्ट्स बाइकचा ठाण्यात-डोंबिवलीत पहिला लाड ठरलेला असतो: सायलेन्सर बदलायचा. मॅन्युअल मात्र प्लॅस्टिकमध्येच राहतं. हा क्रम उलटा करा.

मॅन्युअलमधली सर्व्हिसिंगची कोष्टकं मुख्यतः किलोमीटरवर चालतात. कल्याण-शिळ रस्ता तसा चालत नाही. काटई नाक्यापासून शिळफाट्यापर्यंत गाडी तासभर हाफ क्लचवर रांगते आणि मीटरवर जेमतेम काही किलोमीटर पडतात. तेवढा वेळ ऑइल तापतच असतं, क्लचप्लेट झिजतच असतात. त्यात घोडबंदरची आणि भिवंडीकडची मेट्रोच्या कामाची धूळ एअर फिल्टरमध्ये बसते. धुळीत आणि ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाडीची देखभाल लवकर करावी, असं कंपन्याही सांगतात. म्हणून ऑइल आणि फिल्टर छापील आकड्याची वाट न बघता आधीच तपासून घ्या. ऑइल मोटरसायकलचंच हवं, डब्यावर ‘जासो एमए २’ किंवा मॅन्युअलने सांगितलेली खूण बघून घ्या. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं ऑइल ओतलंत तर तो घसरू शकतो.

आर१५ असो की आरसी, या स्पोर्ट्स बाइकचं इंजिन लिक्विड-कूल्ड आहे. जॅममध्ये फॅन सतत फिरत असेल तर घरी जाऊन, गाडी गार झाल्यावर, कूलंटची पातळी बघा. नळाचं पाणी ओतू नका. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, तोंड भाजेल.

सगळ्यात जास्त हेळसांड चेनची होते. साधारण दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात भिजल्यावर लगेच, ती साफ करून ल्यूब मारायची. रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश पुरतो. पेट्रोल वापरू नका, आतल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसणारे दिसतात. त्यात बोटं तुटतात. हा आळस माफ करण्यासारखा नाही. ल्यूब आतल्या बाजूने मारा आणि थोडा वेळ मुरू द्या. चेनची ढिलाई मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेली असते. ‘जरा टाइट कर’ असं मेकॅनिकला सांगू नका. खड्ड्यात मागचं चाक वर-खाली होतं, तेव्हा ताणलेली चेन बेअरिंगवर ओढ देते.

टायरची हवा गाडी थंड असताना मोजा. आकडा चेनजवळच्या स्टिकरवर असतो, अंदाजाने भरून घेऊ नका. आणि धुलाई केंद्रात टायरला चकाकी लावू पाहणाऱ्या पोराचा हात धरा. ही गाडी वळणावर झुकते, तेव्हा टायरची कडा रस्त्याला टेकते. तिथे तेलकट थर असला तर गाडी घसरते. पाण्याचा फवाराही चेन, बेअरिंग आणि रेडिएटरवर रोखू देऊ नका.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि आपली हवा खाडीकाठची. साधारण दोन वर्षांनी ते बदला, गाडी फार चालली नसली तरी. मुरबाडवरून माळशेजला निघायच्या आदल्या दिवशी ब्रेक पॅड आणि टायरच्या खाचा बघा. घाटातल्या धुक्यात बघून उपयोग नाही. तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टर दाबू नका, ढकलत बाहेर काढा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

या महिन्यात सायलेन्सरचे पैसे बाजूला ठेवा. हवा मोजायचा गेज, चेन ल्यूबचा कॅन आणि एक ब्रश घ्या. तिन्ही मिळून त्या सायलेन्सरच्या किमतीचा छोटासा हिस्साच होतो.