पिशवीत परत गेलेला गूळ

कळस म्हटलं की पुण्याचे लोक विश्रांतवाडीशेजारचं समजतात, नगरकडचे अकोल्याचं. आमचं इंदापूर तालुक्यातलं. इथे इंग्रजीत माझा शब्द शेवटचा, कारण बीएला मी इंग्रजी घेतलं होतं. ते तिसऱ्या खेपेला सुटलं, हे मी पारावर फारसं काढत नाही.

मे महिन्यात पुण्याहून भाची आली ती स्क्रॅबल घेऊन. पंधरा बाय पंधरा घरांचा पट, अक्षरांच्या 100 सोंगट्या, त्यांतल्या दोन कोऱ्या. ती नियम सांगायला लागली तसं मी म्हटलं, "मला शिकवू नकोस. इंग्रजी शब्दाचं शेपूट धरायचं, आख्खा शब्द मागोमाग येतो."

ही माझी जुनी विद्या. कॉलेजात मी वहीभर शेपटं गोळा केली होती: शन, मेंट, नेस. ओयूजीएचनं मात्र घात केला. शेपूट एकच, पण त्याचे शब्द टफ, दो, थ्रू, बाऊ! भेंड्यांमध्ये आपल्यावर ‘ळ’ आला की माणूस अडतो, पण निदान तो ‘ळ’च राहतो.

माझं लाडकं शेपूट जीआरवाय. अँग्री आणि हंग्री. रोजच्या वापरातला तिसरा शब्दच नाही, आणि तो शोधण्यात अमेरिकेतली माणसं 1975 पासून डोकं खाजवताहेत. हे कोडं भाचीला घालून मी वर जाहीर केलं, की आज पटावर अँग्री लावतो. हरलो तर रात्रीची भांडी माझी.

पहिला डाव माझा. सात सोंगट्या आल्या: ए, ई, जी, जी, जे, आर, वाय. ए, जी, आर, वाय हातात, अडलं फक्त एनपाशी, आणि खेळात एन सहा असतात! मी जे, ई आणि जादाचा जी पिशवीत परत टाकून तीन नव्या घेतल्या. सोंगट्या बदलल्या की डाव जातो, गुण शून्य. इतक्या रुबाबात शून्य मी बीएलासुद्धा मिळवलं नव्हतं.

आले आय, आय आणि यू.

"मामा, काय टाकलंस?"

मी सांगितलं. तिनं मनाशी जुळवलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, जॅगरी होतं ना!"

"ते काय असतं?"

"गूळ."

ओसरीवर तांदूळ निवडणारी आई सुपासकट हलली.

गूळ! नीरा डाव्या कालव्याच्या तालुक्यात जन्मलो, शाळेच्या सुट्ट्या चुलत्याच्या गुऱ्हाळावर काढल्या. गुळव्या काहिलीतली मळी काढायचा, तेव्हा शेजारी काकवीसाठी वाटी घेऊन उभा असायचो. ढेपा मोजल्या, मुंगळ्यांचे चावे खाल्ले. शब्दही काही परका नव्हे. पोर्तुगीजांनी मलबारातून उचललेला, मुळात आपली शर्कराच. साती सोंगट्या एकदम लागल्या तर 50 गुण वरचे, पहिला शब्द दुप्पट, म्हणजे निदान 88 गुण. ते मी स्वतःच्या हातानं पिशवीत सोडले.

एवढ्यावर भागलं असतं. पण भाची मोबाइलवर कोश चाळत होती. "मामा, अ‍ॅग्रीपण आहे. ए, जी, जी, आर, वाय. पश्चिम आफ्रिकेतले जुने काचेचे मणी." म्हणजे ज्या शेपटाच्या नादात मी जी फेकला, ते त्या जीसकट माझ्या हातात होतं.

पुढचा खेळ सांगण्यासारखा नाही. एन आला, पण तोवर मी वाय ‘माय’मध्ये खर्चून बसलो होतो. 231 विरुद्ध 94. अँग्री पटावर लागलंच नाही. पटाबाहेर दोन तास होतं.

भांडी गोळा करायला उठलो तर पुन्हा हाक. "अजून एक सापडला! पग्री. पी, यू, जी, जी, आर, वाय. आपली पगडीच. इंग्रज लोक उन्हासाठी टोपीला कापड गुंडाळायचे, ते."

वाचून ती माझ्या डोक्याकडे बघत राहिली. उकाड्यानं हैराण होऊन मी सकाळपासून टॉवेल ओला करून डोक्याला गुंडाळला होता.

"सोड ते आता," आई म्हणाली, "भांडी पुसायला होईल."