ट्वेंटी-फिफ्टी

आमच्याकडे जुनी स्पोर्ट्स कार आहे असं मी चारचौघांत म्हटलं, की बायको शांतपणे दुरुस्ती करते, "अहो, हेराल्ड आहे ती. स्टँडर्ड हेराल्ड. माझ्या बाबांची."

बाबांची आहे हे खरंच. पण स्पोर्ट्स कारचा दावाही मी अगदीच हवेत करत नाही. स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची मद्रासला १९६१ पासून बनू लागलेली आवृत्ती. रूप दिलं जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने. ट्रायम्फने पुढे हेराल्डचीच चासी आखूड केली, तिच्यावर दोन सीटची उघडी बॉडी चढवली आणि १९६२ मध्ये स्पिटफायर या नावाने बाजारात आणली. आमच्या गाडीतलं इंजिनही त्याच घराण्यातलं, ९४८ सीसीचं; स्पिटफायरचं ११४७ सीसीचं. शिवाय स्पिटफायरला कार्ब्युरेटर दोन, आमच्या हेराल्डला एक. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी. धाकटी सिनेमात गेली आणि थोरलीने मद्रासला संसार थाटला, एवढाच फरक.

या थोरलीला ऑइल कोणतं घालायचं, हा आमच्या घरातला वर्षानुवर्षं चालत आलेला प्रश्न आहे. त्याला निम्मं कारण हेराल्डचं बोनेट. इतर गाड्यांचं बोनेट म्हणजे नुसतं झाकण. हिचे मडगार्ड, दिवे, जाळी असं सगळं नाकाडच पुढे कलतं आणि इंजिन पुढच्या चाकांसकट उघड्यावर येतं. मिस्त्री ऐसपैस टायरवर बसून काम करू शकतो. मिकेलोत्तीने ही सोय मिस्त्रीसाठी ठेवली असेल, पण नाशकात ती सल्लागारांच्या कामी येते. मुंबई नाक्यावर बोनेट उघडून पाहा. तीन बाजूंनी माणसं उभी राहतात आणि प्रत्येकाला इंजिन नीट दिसतं. असा सोहळा एरवी फक्त लग्नात मुंडावळ्या बांधताना होतो.

पहिले सल्लागार आमचे शेजारी. ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले. हयात मिग विमानांत गेल्यामुळे कागदावर लिहिलेलं नसेल ते करायचंच नाही, हा बाणा. त्यांनी गाडीचं मॅन्युअल मागवून घेतलं, चष्मा बदलून वाचलं आणि मला आकड्यांचा अर्थ समजावून सांगितला. ऑइलच्या डब्यावर '२० डब्ल्यू ५०' लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसला किती दाटपणा टिकतो त्याचा. '२० डब्ल्यू'ची चाचणी शून्याखाली पंधरा अंशांवर होते.

"उणे पंधरा?" मी विचारलं.

"उणे पंधरा."

आमच्याकडे निफाडला पारा पाचावर आला तर दुसऱ्या दिवशी पेपरात शेकोटीचा फोटो येतो. तेव्हा पहिल्या आकड्याची काळजी मनालीच्या लोकांनी करावी, असं माझं मत झालं. आपला आकडा दुसरा. मे महिन्यात मुंबईहून येताना कसारा घाट चढून इगतपुरीला चहासाठी गाडी उभी केली, की इंजिन मंद चालू असतं आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा डोळा मारायला लागतो, तो या दुसऱ्या आकड्यामुळे. साठ वर्षं झिजलेल्या बेअरिंगांत फटी वाढलेल्या असतात. तापलेलं पातळ ऑइल त्यांतून निसटतं, दाब पडतो. दाट ऑइल तिथे टिकून राहतं.

माझ्या मेहुण्याला हे पटत नाही. तो पुण्याला असतो, आणि पुण्यात जे मिळतं ते नाशकात मिळत नाही अशी त्याची समजूत आहे. गेल्या लग्नसराईत नवरदेवाला मिरवायला म्हणून तो हेराल्ड घेऊन गेला आणि परत आणताना उपकार म्हणून ऑइल बदलून आणली. पूर्ण सिंथेटिक, '५ डब्ल्यू ३०', डब्याची किंमत ऐकून सासूबाईंनी गोडेतेलाचा भाव पुन्हा विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर चेंबरच्या खाली गोदावरी उगम पावली होती. जुन्या गॅस्केटी आणि सीलवर काळी चिकट पुटं बसलेली असतात, गळती त्यांनीच धरलेली असते. हे ऑइल पातळही आणि धुऊन काढणारंही. टॅपेट वाजायला लागले ते वेगळंच.

आमच्या मिस्त्रींनी डिपस्टिक काढली, बोटावर ऑइल घेऊन अंगठ्याने चोळलं, वास घेतला आणि फक्त एवढंच म्हणाले, "साहेब, म्हाताऱ्या माणसाला पळायचे बूट कोणी दिले?"

टॅपेटचा मामला जरा खोल आहे. या इंजिनांत कॅमचा उंचवटा टॅपेटच्या सपाट तळावर घासत जातो. मध्ये ना रोलर ना काही. तिथे धातूला धातू लागू नये म्हणून ऑइलमध्ये झिंक आणि फॉस्फरस असलेलं एक रसायन घालतात. त्याला झेडडीडीपी म्हणतात, पूर्ण नाव उच्चारण्याचं माझं वय राहिलं नाही. घर्षणाच्या जागी त्याचा पातळ थर बसतो आणि तोच झिजतो, कॅम वाचतो. १९४० च्या दशकापासून हे सुखाने चाललं होतं. मग गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले आणि फॉस्फरस त्यांना बाधतो असं दिसलं. मग डब्यांवर एपीआय या अमेरिकी संस्थेची अक्षरं चढत गेली तसा फॉस्फरस उतरत गेला. एसएफ, एसजी, एसएच, एसजे, मग एसएल. (एसआय आणि एसके गाळली आहेत. शोधायला जाऊ नका, मी गेलो होतो.) २००४ च्या एसएमपासून फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आली.

हे वाचून जुन्या गाड्यांचे मालक जगभर छाती पिटतात. पण त्या नियमात एक पळवाट आहे आणि ती नेमकी आपल्या सोयीची आहे. मर्यादा पातळ ग्रेडना आहे, '५ डब्ल्यू ३०', '१० डब्ल्यू ३०' वगैरेंना. '२० डब्ल्यू ५०' तिच्यात येत नाही. ट्रकसाठीचं '१५ डब्ल्यू ४०' डिझेल ऑइलही वेगळ्या मापाने बनतं आणि त्यात हे रसायन सहसा भरपूर असतं. आडगावच्या ट्रक टर्मिनसवर एका ट्रकमालकाने मला न विचारता सांगितलं होतं, "भाऊ, आमचंच टाका, चांगलं घट्ट असतं." अख्ख्या सल्लागार मंडळात शास्त्राच्या सर्वांत जवळ गेलेला माणूस तोच. त्याने कारण मात्र भलतंच दिलं.

सासूबाईंचं मत शेवटी आलं. गाडीला पोटाचा त्रास असेल तर एरंडेल द्या, असं त्या म्हणाल्या. सगळे हसले. मी हसलो नाही, कारण त्या चुकीचं बोलत नव्हत्या. शर्यतीच्या गाड्यांत एकेकाळी एरंडेलच घालत. ते चिवट, उष्णतेला न हटणारं आणि पेट्रोलमध्ये सहजी न मिसळणारं. वेकफिल्ड कंपनीने १९०९ मध्ये एरंडेल मिसळून जे ऑइल काढलं, ते म्हणजे कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धात गरगर फिरणाऱ्या रोटरी इंजिनांच्या विमानांतही एरंडेलच असे. इंजिन ते वापरून बाहेर फेकायचं आणि मागे बसलेल्या वैमानिकाच्या नाकातोंडात जायचं. विमान उतरल्यावर तो प्रथम कुठे धावत असेल, हे ज्यांच्या आजीने लहानपणी महिन्याच्या महिन्याला नाक दाबून एरंडेल पाजलं आहे त्यांना सांगायला नको. एरंडेलाचा दोष एकच. ते इंजिनात तसंच राहिलं की डिंकासारखं चिकटून बसतं. म्हणून शर्यत संपली की काढून टाकावं लागे. आमची हेराल्ड महिन्यातून एकदा हलते, तिला ते परवडणारं नाही. सासूबाईंना तसं सांगितलं. "मग साजूक तूप?" त्यांनी विचारलं.

सरकारलाही या विषयात मत आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची मूळ स्वरूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं. मात्र अशी गाडी रोज रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि देखभाल यांपुरतीच काढायची. म्हणजे भाजीला नेली तर गुन्हा, ऑइल बदलायला नेली तर कायदेशीर. हा नियम वाचल्यापासून बायको म्हणते की मी ऑइलचा प्रश्न मुद्दामच सुटू देत नाही.

प्रश्न तसा सुटलेलाच आहे. जुनं टॅपेटवालं इंजिन असेल आणि तुम्ही आपल्या हवेत राहत असाल तर '२० डब्ल्यू ५०', साधं मिनरल, माहितीच्या दुकानातून, सीलबंद. गाडी उभीच असली तरी वर्षातून एकदा बदला, कारण उभ्या गाडीच्या चेंबरमध्ये ओलावा आणि आम्ल साचतं. काढलेलं काळं ऑइल गटारात सोडू नका, ते शेवटी गोदावरीतच जातं. ते जुनं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या. आणि रिकामा डबा धडका भंगारात देऊ नका. त्यात जळकं ऑइल गाळून भरून नवं म्हणून विकणारे आहेत. आधी स्क्रू ड्रायव्हरने भोसका, मग द्या.