मालिका साठवण्याची शास्त्रोक्त पद्धत (अकोले तालुक्यापुरती)

सेटटॉप बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय असणे वेगळे आणि घरात प्रत्यक्ष रेकॉर्डिंग होणे वेगळे, एवढे मनाशी धरून पुढील मार्गदर्शन वाचावे.

आधी डबा ओळखावा. २००८ साली ‘टाटा स्काय प्लस’ आला तेव्हा हार्ड डिस्क डब्याच्या पोटातच असे. पुढे पुष्कळ डब्यांचे पोट रिकामे राहिले, पाठीला यूएसबीचे भोक आले आणि डिस्क आणण्याचे काम ग्राहकाकडे गेले. भोक दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. काही डब्यांत ते रेकॉर्डिंगसाठी असते, काहींत फक्त धूळ बसण्यासाठी.

एचडी वाहिनी तासाला साधारण तीन-चार जीबी खाते. म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर रोज अर्ध्या तासाची मालिका जेमतेम तीन आठवडे मावते. तेवढ्यात नायिकेचा एक गैरसमजही दूर होत नाही. म्हणून मोठी डिस्क घ्यावी, आणि ती नवी घ्यावी. जुनी जोडली की डबा नम्रपणे विचारतो, ‘फॉरमॅट करायचे का?’ घाईत ‘होय’ दाबले जाते. त्या डिस्कवर थोरल्या ताईच्या लग्नाचे चित्रीकरण होते, हे सगळ्यांना त्यानंतर आठवते.

रेकॉर्डिंगला टीव्ही चालू लागत नाही, डबा चालू लागतो. हे आजीला समजावून सांगणे हा या पद्धतीतील सर्वांत अवघड भाग होय.

“टीव्ही बंद, मग ते भरतंय कशात?”

“डब्यात, आजी.”

“मग बटण मी बंद केलंय. उगाच लाल दिवा जळत होता.”

इन्व्हर्टर असेल तर त्यावर पंख्याआधी डबा जोडावा. लाईट गेली की घाम पुसता येतो, हुकलेला भाग पुसून मिळत नाही.

आता पावसाळा. घाटघर, रतनवाडीकडच्या मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे. तिथून निघालेल्या लहरी एवढे अंतर बिनतक्रार कापतात आणि शेवटच्या काही किलोमीटरांत, ऐन आपल्या डोक्यावर, अडखळतात. ही लहर जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीची. टपोरे थेंब तिला शोषतात, विखुरतात. डबा मात्र वेळेचा पक्का. ठरल्या वेळी तो जे येईल ते भरून घेतो आणि यादीत कार्यक्रमाचे नाव झोकात मिरवतो. उघडून पाहावे तर अर्धा तास नुसते चौकोन. अशा वेळी धाकट्याला पत्र्यावर चढवून “आलं का?” “नाय!” असा कार्यक्रम करू नये. पाऊस उघडला की सिग्नल आपोआप येतो. हलवलेली छत्री आपोआप जागेवर येत नाही.

एवढे करून रेकॉर्डिंग झालेच, तर ते शेजारी नेऊन दाखवायचा मोह टाळावा. बहुतेक कंपन्यांच्या डब्यात भरलेला कार्यक्रम त्याच डब्याच्या किल्लीने कुलूपबंद असतो. शेजारच्या डब्याला तो उमगत नाही, संगणकाला त्याहून नाही. काही ठिकाणी तर रिचार्ज संपला की आपलीच डिस्क आपल्याला ओळख देत नाही. आपल्याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडचे बी कोणाच्याही वावरात उगवते. आपल्या डिस्कवरचे बी संकरित निघाले: पैसे आपले, वीज आपली, जागरण आपले, पण पुन्हा पेरायची सोय नाही. ग्राहकाने विकत घेतलेल्या वस्तूवर एवढे कुलूप घालणे हा आमच्या मते सरळसरळ अन्याय आहे. परंतु मार्गदर्शिकेत अन्यायाला रकाना नसतो.

डबा बदलला की जुने सगळे गेले. तेव्हा नवा डबा बसवायला माणूस येणार असे कळताच राहिलेले भाग पाहायला बसावे. तो उद्या सकाळी येतो म्हणतो आणि चार दिवसांनी येतो, त्यामुळे वेळ पुरतो.