गळण्याचा हक्क

थंड देशांत हिवाळ्याच्या तोंडावर बोटी काठावर ओढून ठेवतात. इंजिनात पाणी राहिले आणि त्याचा बर्फ झाला, तर तो फुगून लोखंडाला तडा देतो. काल्हेरला ही भीती नाही. आमचा हिवाळा म्हणजे डिसेंबरात भल्या पहाटे मोटारसायकलवरून कशेळीचा पूल ओलांडताना कानाला बांधलेला मफलर. आमच्या होड्यांची सुट्टी पावसाळी आणि सरकारी असते: १ जून ते ३१ जुलै यंत्रचालित होड्यांना मासेमारी बंद. तेवढे दिवस मामाची होडी खाडीकाठी ताडपत्रीखाली पडून असते आणि मामा ओटीवर जाळी दुरुस्त करत पडून असतो. नारळी पौर्णिमा जवळ आली की दोघेही उठतात. मामा मात्र कुठून गळत नाही.

काल्हेरला खाडी आहे हे हल्ली पाहुण्यांना मुद्दाम सांगावे लागते. जुन्या आग्रा रोडवरून त्यांना दिसतात ती गोदामे, कंटेनर आणि डोक्यावर मेट्रो ५ चे खांब. वास्तविक २०१६ च्या कायद्याने देशात जे १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले, त्यांतला ५३ क्रमांकाचा आमच्या दारातला. वसई ते कल्याण प्रवासी बोटी सुटणार, त्यात काल्हेरलाही धक्का, अशी बातमी अधूनमधून येते. मामा ती मोठ्याने वाचतो आणि त्याच कागदात सुकट बांधतो. त्याही मागे जायचे तर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीच्या आसऱ्याने गलबते बांधायला काढली. त्यांना इंजिने नव्हती. आरमार वाढले त्याला हेही एक कारण असावे, असे माझे मत आहे. इतिहासकारांनी त्याचा विचार करावा.

तर ताडपत्री निघाली, होडी पाण्यात घातली, हँडल मारले, एका सिलिंडरच्या त्या म्हाताऱ्या डिझेल इंजिनाने खोकून खोकून दम धरला, आणि ते गळू लागले. डिझेलच्या नळीच्या जोडाशी ओल. पाण्याच्या पंपाखाली थेंब. मागे, जिथून शाफ्ट होडीबाहेर पंख्याकडे जातो, त्या ग्लँडपाशी आणखी थेंब. काल्हेरमध्ये चालू इंजिनाचा आवाज कोणी ऐकत नाही, बंद इंजिनाभोवती मात्र जत्रा भरते. पलीकडच्या गोदामातला फोर्कलिफ्टवाला म्हणाला, हेड गॅस्केट. भिवंडीच्या कारखान्यात लूम दुरुस्त करणारे एक जॉबर म्हणाले, बेअरिंग. ते लग्न मोडले तरी बेअरिंगच म्हणतात. मामी म्हणाली, विका.

आणि नेमके आखाडाच्या मटणाला आलेले जावईबापू घरात होते. जावईबापू डोंबिवलीला इमारतींच्या गच्च्यांचे वॉटरप्रूफिंग करतात. गळती या विषयावर त्यांच्यापुढे बोलणे म्हणजे सूर्यापुढे काजवा. त्यांनी बाह्या सारल्या, एम-सीलच्या दोन वड्या तळहातावर एकजीव मळल्या आणि पंपाच्या खालच्या अंगाला असलेले एक बारीक भोक शोधून, त्यात ती मळी अंगठ्याने दाबून बसवली. वर पाण्याचे बोट फिरवून गुळगुळीत केली. मग मोठा पाना घेऊन ग्लँडचा नट असा आवळला की मान खाली घालून सोसणे एवढेच त्याच्या हाती राहिले. मी मामाकडे पाहिले. मामा हळूच म्हणाला, "जावई हाय आपला. त्याला नाय कसा बोलाचा?"

थेंब थांबले, हे खरे. सगळ्यांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही होडी घेऊन निघालो. पुलाच्या बाजूला थोडे अंतर गेलो असू, तोच मागून जळक्या दोरीचा वास आणि धूर. इंजिन बंद करून मामाने तेलाची पट्टी काढून पाहिली, तर पातळी खुणेच्या वर. "बघा, गळती थांबवली तर तेल वाढलं!" जावईबापू म्हणाले. तेल वाढवणारे इंजिन जगात हे एकच. फक्त त्या तेलाचा रंग कालच्या चहासारखा झाला होता.

जावईबापू डोंबिवलीला परतल्यावर मेस्त्री आले. त्यांनी कोणाला काही विचारले नाही. सुईने एम-सील कोरत म्हणाले, "हे भोक गंजून पडलेलं नाही, कारखान्यानं पाडलंय." या पंपात दोन सील असतात, एक पाण्याकडचे, एक तेलाकडचे, आणि मधल्या जागेतून हे भोक बाहेर उघडते. पाण्याचे सील झिजले की पाण्याने इथून बाहेर टपकावे आणि मालकाला कळावे, एवढ्यासाठीच ते असते. ते बुजवले तर पाणी तेलात जाते. ग्लँडचेही तसेच. शाफ्ट फिरताना तिथून मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत. त्या पाण्यानेच आतली दोरी आणि शाफ्ट थंड राहतात. कोरडा ठणठणीत ग्लँड म्हणजे आत दोरी भाजतेय. म्हणजे तीन गळत्यांपैकी एक निरोप होता, एक कामावर होती, आणि खरी खोडी फक्त डिझेलच्या जोडातली. तिथला तांब्याचा वॉशर बदलला. तिकडे जावईबापूंचे लक्षच गेले नव्हते.

मेस्त्रींनी नवे सील घातले, चहा झालेले तेल सांडून इंजिन धुऊन नवे तेल भरले, ग्लँडमधली काळी पडलेली दोरी आकडीने ओढून काढली. नव्या दोरीचे तिरके छेद देऊन वेढे केले, एकाचा जोड दुसऱ्यावर येणार नाही असे बसवले आणि नट नुसता हाताने फिरवला. जावईबापूंना अजून यातले काही माहीत नाही. मान राखायचा म्हणजे राखायचा. ते डोंबिवलीत सांगत असतात की सासऱ्यांची होडी त्यांच्या एम-सीलवर चालते.

काल्हेर, कशेळी, कोलशेतच्या होडीवाल्यांना एवढीच विनंती. ३१ मेला इंजिन गोड्या पाण्याने धुऊन सगळे पाणी काढून टाका, पंपातला रबरी इंपेलर काढून घरात ठेवा, नाहीतर दोन महिन्यांत त्याच्या पाकळ्या वाकल्या तशाच राहतात. आणि आखाडात पाहुणे असतील तेवढे दिवस पान्यांची पेटी शेजाऱ्याकडे ठेवा.