घरोघरी गाभारा

अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं. शिलाहारांनी वालधुनीच्या काठी बांधलेलं. मंडपातून देवाकडे जायचं तर पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं. हे स्थापत्य पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात पडून राहू नये, लोकांच्या घराघरांत पोचावं, अशी योजना पश्चिमेच्या बुवापाड्यासारख्या वस्त्यांत राबवली जात असावी. गल्लीत काँक्रीटचा एक थर पडतो. तो फुटला की त्यावर दुसरा. जुना उखडायचा तर खर्च, शिवाय राडारोडा टाकायचा कुठे? मग रस्ता चढत जातो, उंबरा जागच्या जागी राहतो, आणि माणूस स्वतःच्या घरात पायरी उतरून जातो. जुलैत अभिषेकही होतो. त्याची दक्षिणा वेगळी आकारत नाहीत, हे कबूल केलं पाहिजे.

साहेब समजूत घालतात, ‘काकी, आता रस्त्यावर पाणी साचणार नाही.’ काकी विचारतात, ‘मग साहेब, तुम्ही त्याला पाठवलंत कुठे?’ या प्रश्नाला अंदाजपत्रकात रकाना नसतो.

शहर वाढतं तेव्हा आधी जमिनीखालचं काम करावं, मग वरचं, हे गवंड्याच्या हाताखालचा पोऱ्याही सांगेल. पण जमिनीखालच्या कामाची एक मोठी अडचण आहे: ते दिसत नाही. मलवाहिनीसोबत फोटो काढता येत नाही. नाल्याच्या उताराला फीत बांधता येत नाही. म्हणून आधी काँक्रीट, मग पाण्याच्या नळासाठी खोदाई, मग मलवाहिनीसाठी, मग केबलसाठी; आणि शेवटी, इतकी खोदाई झाल्यावर रस्ता खराब होणारच, म्हणून पुन्हा काँक्रीट. हे चक्र पूर्ण झालं की त्याला विकास म्हणतात.

यात एकट्या नगरपरिषदेला धरणं अन्याय होईल. 1959 साली जन्मलेली ही संस्था 1983 मध्ये कल्याण महापालिकेच्या पोटात गेली आणि 1992 मध्ये बाहेर आली. त्याच वर्षी संसदेने 74वी घटनादुरुस्ती मंजूर केली. तिच्या बाराव्या अनुसूचीत शहरांना सोपवण्याच्या 18 कामांची यादी आहे, आणि पहिलंच काम नगरनियोजन. प्रत्यक्षात नळ जीवन प्राधिकरणाचा, बारवी धरण एमआयडीसीचं, मोठा रस्ता एमएमआरडीएचा, खांब महावितरणचा, रूळ रेल्वेचे. खड्डा कोणाचा, हे ठरवायला बैठक लागते. आणि बैठक बोलवायची कोणी, हे ठरवायला आणखी एक.

बरं, 2015 ला निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत 2020 ला संपली. पुढची निवडणूक झाली 2025 च्या डिसेंबरात. मधली पाच वर्षं प्रशासक. या काळात गल्लीतल्या माणसाला शिव्या घालायलाही हक्काचा नगरसेवक नव्हता. लोकशाहीची ही सोय आपण उगाच कमी लेखतो.

आता आकडे पाहू. 2001 ला अंबरनाथची लोकसंख्या 2,03,804 होती, 2011 ला 2,53,475. शेजारचं बदलापूर त्याच दहा वर्षांत 97,948 वरून 1,74,226 वर गेलं. त्यानंतर किती? 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही. म्हणजे नियोजन 2011 च्या माणसांसाठी आणि नळाखाली कळशी लावायला त्यानंतर आलेली माणसं. टँकरपुढे भांडणं होतात ती बिनमोजणीच्या माणसांची असल्यामुळे सरकारदरबारी ती झालेलीच नसतात. जवळच काकोळ्याला वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेलं जीआयपी धरण आहे. तिथलं पाणी आता ‘रेल नीर’च्या बाटल्यांत भरलं जातं. इंजिनं गेली, तरी पाण्याचा मान प्रवाशांकडेच राहिला. ज्यांना या शहरातून लवकर बाहेर पडायचं असतं त्यांची तहान आधी भागते, असा काहीसा नियम असावा.

नगररचना कायदा 1966 चा. विकास आराखडा निदान वीस वर्षांतून एकदा तपासा, असं तो सांगतो. वीस वर्षांत बुवापाड्यातल्या पोराची दाढी येते, लग्न होतं, तो वरच्या मजल्याला पत्रा टाकतो. आराखड्याला एवढी घाई नसते.

तेव्हा नव्या नगरसेवकांना एकच विनंती. पुढच्या भूमिपूजनाला याल तेव्हा नारळासोबत त्या गल्लीखालच्या नळांचा आणि गटारांचा नकाशा आणा, आणि रस्ता उंबऱ्याच्या किती खाली राहणार हे ठेकेदाराकडून चारचौघांत लिहून घ्या. नकाशा नसेल, तर नारळ फोडू नका.