काकांचा केविन

नोएडात राहून निवृत्त झालेल्या मराठी माणसाच्या वाट्याला दोन मानाची पदं येतात. एक गणपती मंडळाच्या खजिनदाराचं, दुसरं अमेरिकेतल्या नातवाच्या आजोबांचं. आमच्या सोसायटीतले काका दोन्ही भूषवतात. टेलिफोन खात्यात त्यांचा जन्म गेला. दिवाळी उरकली आणि दिल्लीकडची हवा घशाला झोंबायला लागली की काका-काकू न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाकडे जातात, ते होळीच्या सुमारास परततात.

एडिसनमध्ये तसं काही कमी नाही. मेथीची जुडीसुद्धा मिळते. मिळत नाही ते बोलायला माणूस. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, काकू मालिकेत. काकांना रोज निदान तीन श्रोते लागतात. नोएडात ही सेवा वॉचमन, इस्त्रीवाला आणि मी बजावतो. तिथे खिडकीबाहेर नुसता बर्फ. अशा वेळी घरातला फोन वाजतो आणि एक तरुण आवाज सांगतो की तो मायक्रोसॉफ्टमधून केविन बोलतोय आणि तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय. इतर लोक फोन आपटतात. काका खुर्ची ओढून बसतात.

केविनचं काम ठरलेलं असतं. तो तुम्हाला विंडोजमधलं 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायला लावतो. तिथे लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण दिसतात. धडधाकट कॉम्प्युटरमध्येही ते असतातच, ती त्या यंत्राची रोजची नोंदवही. पण केविनच्या तोंडून ऐकलं की माणसाला वाटतं, संपलं सगळं. काकांच्या बाबतीत गाडी तिथवर पोचतच नाही.

"सर, विंडोजची कळ दाबा."

"विंडो? कुठली? हॉलमधली की किचनमधली? सुनेने उघडायला मनाई केली आहे. हीटिंगचं बिल येतं."

कळ सापडायला वीस मिनिटं जातात. मग चष्मा. मग चष्मा पुसायला रुमाल. मग केविन आपलं ब्रह्मास्त्र काढतो: तुमच्या कॉम्प्युटरचा गुप्त नंबर मी सांगतो, जुळला तर मी खरा. हा नंबर आठ-आठ-आठ-डी-सी-ए-साठने सुरू होतो आणि जगातल्या यच्चयावत विंडोज कॉम्प्युटरमध्ये तोच असतो. काकांना हे ठाऊक आहे. तरी ते तो लिहून घेतात, खात्याच्या शिस्तीने, अक्षरागणिक खात्री करत.

"डी फॉर दापोली. बरोबर?"

"येस सर, दापोली."

"सी फॉर चिपळूण. ए फॉर अलिबाग. एफ फॉर फोंडाघाट. तुम्ही म्हणा पाहू."

आणि केविन म्हणतो. पैशाच्या आशेने माणूस फोंडाघाटही चढतो.

पुढे फोन 'क्लोजर'कडे जातो. क्लोजर म्हणजे सौदा पक्का करणारा सीनियर. तो दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवता येईल असं एनीडेस्क उतरवून घ्या म्हणतो, दुरुस्तीची फी सांगतो आणि ती गिफ्ट कार्डांनी द्या म्हणतो: दुकानात जायचं, कार्डं घ्यायची, मागचा नंबर खरवडून फोनवर वाचायचा. जगातली कुठलीही कंपनी आपली फी गिफ्ट कार्डात घेत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. काका मात्र विचारतात, "कार्डावर काय लिहू? वाढदिवस की मुंज?"

या सगळ्या वेळात काकांसमोरचा कॉम्प्युटर बंद असतो. मुलाने त्यांना पासवर्डच दिलेला नाही.

शेवटचा डाव काका राखून ठेवतात. टेलिफोन खात्याचा कान तो! केविनच्या आवाजामागे जनरेटर सुरू झालेला त्यांनी ऐकलेला असतो, 'भैया, समोसे आ गए' हेही ऐकलेलं असतं. एडिसनला सकाळचे दहा म्हणजे नोएडात रात्रीचे साडेआठ, हा हिशेब तर बोटांवर. मग ते एकदम हिंदीत उतरतात: "बेटा, सेक्टर तिरसठ में बैठे हो ना? खाना खाया?"

पलीकडे शांतता. बरेच केविन तिथेच फोन ठेवतात. एक जण मात्र "अंकल जी, नमस्ते" म्हणाला आणि फसला. काकांनी त्याचं शिक्षण विचारलं, पगार विचारला, इन्सेंटिव्ह वेळेवर मिळतो का ते विचारलं आणि मग बँकेच्या परीक्षा, रेल्वेची भरती, पेन्शनचे फायदे असं सविस्तर मार्गदर्शन सुरू केलं. आमच्या सोसायटीतली पोरं हे मार्गदर्शन टाळण्यासाठी लिफ्ट सोडून जिन्याने जातात. पोरगा शेवटी "मुझे माफ कर दो" म्हणून सुटला.

काकांना या धंद्याची माहितीही चोख. नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तक्रारीवरून नोएडा आणि गुरुग्राममधल्या १६ बनावट केंद्रांवर पोलिसांनी छापे घातले, हे ते पाहुण्यांना सांगतात. जुलै २०२५ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-५'मध्ये नोएडात तीन ठिकाणी छापे घातले, तेव्हा वेळ साधली ती ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या गिऱ्हाइकांच्या घड्याळाप्रमाणे, म्हणून चालू फोनसकट मंडळी सापडली. ही वेळेची गंमत काकांना फार आवडते. "हे सगळं इकडचंच हो, आपल्या महाराष्ट्रात नाही," असंही ते वर म्हणतात. मग मला ऑक्टोबर २०१६ चं मीरा रोड काढावं लागतं. ठाणे पोलिसांनी तिथे ७० जणांना अटक केली होती. ते मायक्रोसॉफ्टऐवजी अमेरिकेचं आयकर खातं व्हायचे, एवढाच फरक. यावर काका चहा मागवतात.

काकांचा गुरू जिम ब्राउनिंग. उत्तर आयर्लंडचा हा गृहस्थ खरं नाव लपवून ठगांच्याच कॉम्प्युटरमध्ये शिरतो. गुरुग्रामच्या एका केंद्रातले सीसीटीव्ही त्याने घरबसल्या पाहिले आणि बीबीसीने मार्च २०२०मध्ये ते जगाला दाखवलं. जुलै २०२१मध्ये याच जिमला एका ठगाने यूट्यूबचा माणूस बनून असा गुंडाळला की त्याने आपल्या हाताने आपलं चॅनेल पुसून टाकलं. हा भाग काका सांगत नाहीत. मी सांगतो.

कारण होळीनंतर काका नोएडात परतले आणि त्यांना व्हिडिओ कॉल आला. हिंदीत. खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभ. तुमच्या आधारवर मुंबईहून पार्सल गेलंय, त्यात अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. केविनला दापोली-चिपळूण फिरवून आणणारे काका उभे राहिले. "जी सर," म्हणाले. बनियनवर होते, म्हणून परवानगी मागून शर्ट घालून आले.

मला यात नवल वाटलं नाही. ठगी ज्याच्या त्याच्या भीतीच्या मापाने शिवलेली असते. अमेरिकन म्हातारा कॉम्प्युटरला घाबरतो. आपला सरकारी नोकर सरकारला. काकांनी आयुष्यभर वरच्या साहेबाचा फोन उभं राहून घेतला होता, पाय आपोआप उठले.

सुटका काकूंनी केली. त्यांना केविन, जिम, चक्र यातलं ओ की ठो माहीत नाही. पोळ्या लाटत होत्या, लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या आणि कॅमेऱ्याला म्हणाल्या, "ये अभी खाने बैठ रहे हैं। हमारे सेक्टर की चौकी सामने है, आप वहीं आ जाइए, हम भी आते हैं।" साहेबांनी फोन कापला. काका शर्टातच जेवले.

डिजिटल अरेस्ट नावाची चीज कायद्यात कुठेही नाही. २७ ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितलं. तेव्हा केविन असो की इन्स्पेक्टर, काकांची नक्कल करायला जाऊ नका, फोन ठेवून द्या. आणि पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच सायबर हेल्पलाइनचा १९३० लावा. काकांनी तो नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवलाय. अक्षर काकूंचं आहे.