धडक झाली, चालू द्या!
तिगावहून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची दगडफेकीची गोटमार बघायला निघालेल्यांनी इथरनेटचा कंट्रोलर किती बावळट असतो ते ऐकावं. जुन्या सामायिक तारेवर तो आधी कानोसा घेतो, मगच माहितीची फ्रेम पाठवतो. धडक झाली की पाठवणारे दोघंही गप्प. चिठ्ठी टाकल्यागत वेळ ठरवून पुन्हा प्रयत्न. १६ वेळा फसलं तर फ्रेम सोडून देतो आणि वर चूक कळवतो! पाठवता पाठवता माल नासला, तर ‘टीएक्स-ईआर’ या चूक-इशाऱ्याची रेघ उंचावून मुद्दाम अवैध चिन्हं धाडतो, पलीकडच्यानं ती फ्रेम खरी मानू नये म्हणून. गोटमार खेळणाऱ्या पांढुर्णा-सावरगावात असला भेकडपणा नाही. जाम नदीच्या दोन्ही काठांवरून एकाच वेळी प्रक्षेपण, मधोमध पळसाचा झेंडा. प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाहिले; लोकांनी दगडच पसंत केले. पोहोच दवाखान्यात रीतसर मिळते.